एकादशीला लागलेला मासा

गळ टाकून मासे धरणारा माणूस खरं बोलत नाही, हे मत जगभर इतकं मान्य आहे की त्याचा पुरावा मागायचं कुणाच्या मनातही येत नाही. जेरोम के. जेरोम या इंग्रज विनोदी लेखकाने १८८९ साली ‘थ्री मेन इन अ बोट’मध्ये थेम्सकाठच्या एका गुत्त्यात काचेच्या पेटीत ठेवलेला ट्राउट मासा दाखवला. तो आपणच धरला असं सांगणारे एकामागून एक येत राहतात, प्रत्येकाने सांगितलेलं वजन वेगळं असतं, आणि शेवटी पेटी खाली पडून फुटते तेव्हा मासा प्लास्टर ऑफ पॅरिसचा निघतो. इंग्रज वाचक यावर सव्वाशे वर्षांहून अधिक काळ हसतो आहे. हसून झालं की तो रविवारी नदीवर जातो आणि सोमवारी ऑफिसात दोन्ही हात फाकवून माशाची लांबी दाखवतो. या नियमाला अपवाद आहे, आणि तो शोधायला परदेशी जावं लागत नाही. विरारच्या पुढे डहाणू लोकलमध्ये बसून राहिलं की पुरे. पालघर, बोईसर, तारापूर या पट्ट्यात सुट्टीच्या दिवशी तीन मित्रांबरोबर गळ टाकायला जाणारा माणूस हा जगातला बहुधा एकमेव सत्यवादी गळवाला आहे. तो सद्गुणी आहे असं माझं म्हणणं नाही. सद्गुणांच्या बाबतीत बोईसर आणि बर्मिंगहॅम यांच्यात फारसं डावं-उजवं नसावं. इथलं पाणी, इथले मासे, इथले मित्र आणि इथली माणसं मिळून त्याला खोटं बोलू देत नाहीत, एवढंच मला सिद्ध करायचं आहे.

अपवाद समजून घ्यायचा तर आधी नियम त्याच्या शुद्ध रूपात बघावा, आणि ते रूप म्हणजे ट्राउटची फ्लाय फिशिंग. यात गळाला खाऊ लावत नाहीत. बारीक गळाला पिसं, दोरा, लोकर गुंडाळून माशी बनवतात, आणि ती पाण्यावर अशी टाकतात की ट्राउटला वाटावं, बिचारी आत्ताच पंख मिटून पडली. या माशीला वजन नसतं, म्हणून दोरी जड ठेवतात आणि ती डोक्यावरून मागेपुढे झुलवत फेकतात. मोराची पिसं यात लागतात, आणि सामन माशासाठीच्या जुन्या भपकेबाज माश्यांना तर आपल्या सह्याद्रीतल्या रानकोंबड्याच्या मानेची पिसं लागत. म्हणजे साहेबाच्या खोट्याला कच्चा माल आपणच पुरवत होतो. पुढे या खोट्याचंही शास्त्र झालं. हॅलफर्ड नावाच्या गृहस्थाने १८८६ साली पुस्तक लिहून ठरवलं की माशी पाण्यावर तरंगलीच पाहिजे. स्क्यूज नावाच्या वकिलाने १९१० साली दुसरं पुस्तक लिहून सांगितलं की ती पाण्याखाली बुडालेली असली तरी चालते, कारण ट्राउट जास्त खातो ते पाण्याखालीच. त्यावरून जो वाद पेटला तो विझेना. १९३८ साली लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबात त्यावर रीतसर चर्चासत्र झालं, तेव्हा हॅलफर्डला जाऊन चोवीस वर्षं होत आली होती. युरोप दुसऱ्या महायुद्धाच्या उंबरठ्यावर होता आणि ही शहाणी माणसं खोटं पाण्याच्या वर बोलावं की पाण्याखाली, यावर भांडत होती. बरं, मासा लागल्यावर तरी? आता बऱ्याच ठिकाणी तो हळूच सोडवून परत पाण्यात सोडतात. म्हणजे व्यवहाराची सुरुवात माशाशी खोटं बोलून झाली, शेवट क्लबात माणसांशी बोलण्यात होणार, आणि मधला एकुलता एक साक्षीदार शेपूट हलवत निघून गेला. अशा रचनेत माणूस खरं बोलला तर तो त्याचा अपघातच म्हणायचा.

हा सगळा डोलारा उभा आहे तो एका गोष्टीवर: ट्राउट डोळ्यांनी खातो. त्याला थंड, वाहतं आणि काचेसारखं पाणी लागतं. हिंदुस्थानात आल्यावर साहेबाला आंबे मिळाले, वाघ मिळाले, नोकरचाकर मिळाले, पण ट्राउट मिळेना, तेव्हा त्याने तो विलायतेहून मागवला. १८९९ साली काश्मीरसाठी निघालेली अंडी वाटेतच मेली; १९०० साली दुसरी खेप पोचली आणि तिथल्या नद्यांत ट्राउट रुजला. निलगिरीतही तो वसवला गेला. कोकणपट्टीच्या वाटेला मात्र कुणी गेलं नाही, आणि ते शहाणपणाचंच होतं. ट्राउटला साधारण वीस अंशांच्या आतलं पाणी मानवतं. पालघर जिल्ह्यात वर्षातले बाराही महिने इतकं थंड पाणी फक्त फ्रिजमधल्या बाटलीत सापडतं. शिवाय पावसाळ्यात सूर्या नदी जव्हारच्या बाजूची माती घेऊन उतरते, तेव्हा पाण्यात हात बुडवला तर स्वतःची बोटं दिसत नाहीत. खाडीचं पाणी तर भरती-ओहोटीने दिवसाकाठी चार वेळा ढवळून निघतं. अशा पाण्यात मोरपिसांची माशी कितीही कलाकुसरीने टाकली तरी ती बघणार कोण?

इथला मासा बघत बसत नाही, वास घेतो. शिंगटीला आणि खाडीतल्या शिंगाळ्याला तोंडाभोवती मिशा असतात आणि त्या मिशांवर चव कळण्याची सोय असते. म्हणजे तो पदार्थ तोंडात घालण्याआधीच चाखून बघतो. अशा गिऱ्हाइकाला नकली माल खपत नाही. त्याला खरं गांडूळ लागतं, खरी करंदी लागते, कोंबडीची खरी आतडी लागतात, आणि ती जितकी जास्त खरी तितका त्यांचा वास जास्त. कणकेच्या गोळ्या चालतात, पण त्याही कालच्या असल्या तर बऱ्या. परिणामी पालघरच्या गळवाल्याचा माशाशी होणारा पहिला व्यवहार रोखीचा असतो. ‘हे गांडूळ आहे’ असं तो सांगतो आणि ते गांडूळ असतं. फक्त आतल्या आकड्याचा उल्लेख तो करत नाही, हे खरं. पण अटी आणि शर्ती बारीक अक्षरांत ठेवणं याला आपल्याकडे खोटं बोलणं म्हणत नाहीत, नाहीतर विम्याचा धंदा एका दिवसात बसेल. आता माशालाच खरं सांगायची सवय लागलेला माणूस घरी येऊन बायकोशी खोटं बोलेल का? बोलेलही. म्हणून पुढचे पुरावे द्यायला हवेत.

मित्रांचा पुरावा मला सर्वांत मजबूत वाटतो. फ्लाय फिशिंगलाही मित्र लागतात, पण ते लांब लागतात. दोरी पाठीमागे झोकायची असते, म्हणून मागे मोकळी जागा हवी; पावलांच्या हादऱ्याने ट्राउट बुजतो, म्हणून शेजारी कुणी नको. मग एकेका वळणावर एकेक जण उभा राहतो, आणि दिवसभरात काय घडलं ते ज्याचं त्याला ठाऊक. संध्याकाळी एकत्र येऊन ते जे सांगतात त्याला कायद्याच्या भाषेत ऐकीव पुरावा म्हणतात. सूर्येच्या काठी मासवणजवळ किंवा मुरबे-सातपाटीच्या खाडीवर याच्या उलट दृश्य असतं. चारही मित्र एकाच बांधावर खांद्याला खांदा लावून बसलेले असतात, कारण सावलीचं झाड एकच आहे, आमिषाचा डबा एकच आहे आणि वडापावची पिशवीही एकच आहे. एकाच्या गळाची तंगूस दुसऱ्याच्या तंगूसमध्ये अडकलेली असते. त्यामुळे मासा लागला तरी पहिली पंधरा मिनिटं तो कुणाच्या गळाला लागला यावर चौकशी बसते. इतक्या जवळ बसलेल्या चार माणसांत एकाने घरी जाऊन अर्ध्या किलोचा मासा दोन किलोचा केला, तर बाकीचे तिघं गप्प बसतील? मित्र हे संकटात उपयोगी पडतात असं शाळेत शिकवतात. फुशारकीत मात्र ते कधीच उपयोगी पडत नाहीत.

या चौघांची घडणही खोट्याला प्रतिकूल आहे. बोईसरच्या मंडळीत एकजण हमखास कारखान्यातला केमिस्ट असतो, ज्याचा पगारच अचूक मोजमापावर चाललेला असतो. त्याला ‘दीडेक फूट’ म्हटलेलं चालत नाही. एकजण अणुऊर्जा केंद्राच्या वसाहतीतला असतो; १९६९ पासून वीज देणाऱ्या त्या केंद्रात नोंदवहीशिवाय पान हलत नाही, आणि ती सवय सुटीच्या दिवशीही सुटत नाही. एकजण मास्तर असतो, तो व्याकरणही दुरुस्त करतो. चौथा रात्रपाळी करून थेट आलेला असतो. तो गळ पाण्यात टाकून, दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून झोपी जातो, आणि सृष्टीच्या कुठल्याशा नियमाने त्या दिवसाचा एकमेव मासा त्याच्याच अंगठ्याला लागतो. उरलेल्या तिघांनी पहाटे उठून, पंचांग बघून, नवा रॉड आणि रीळ आणून केलेली तयारी आणि हा झोपलेला अंगठा! यातून जो सल निर्माण होतो तो सत्याचा सर्वांत विश्वासू पहारेकरी आहे. त्या माशाचं वजन एक ग्रॅमनेही वाढू दिलं जात नाही. किंबहुना ते थोडं कमीच सांगितलं जातं, आणि खोट्याची एवढी एक उलटी जात इथे आढळते हे मी कबूल करतो.

पण समजा, चौघांनी संगनमत केलं. तरी ते गोष्ट सांगणार कुणाला? बर्मिंगहॅमच्या ऑफिसातल्या कारकुनाला ट्राउट आणि चप्पल यातला फरक लांबून कळत नसेल, त्याला काहीही सांगावं. पालघरात ऐकणारा प्रत्येकजण माशातला जाणकार आहे, आणि निम्मे तर त्यावर जगतात. सातपाटी हे पापलेटचं बंदर. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्राने पापलेटला राज्यमासा म्हणून जाहीर केलं, त्यामागे सातपाटीच्या मच्छीमारांची मागणी होती. संध्याकाळी रिकाम्या हाताने परतणाऱ्या जगभरच्या गळवाल्यांचा शेवटचा आधार म्हणजे वाटेतला बाजार. पालघरात हा बाजार आहे, चांगला आहे, आणि तरीही निरुपयोगी आहे. कारण त्यातला नावाजलेला मासा गळाचा नाहीच. पापलेट जाळ्यात येतं. बोंबील डोल जाळ्यात येतात. सूर्येच्या गोड्या पाण्यातून गळाने काढलेलं पापलेट घरी नेणं म्हणजे सागरी जीवशास्त्रात क्रांती करणं, आणि ती क्रांती स्वयंपाकघरापर्यंतही टिकत नाही. इथल्या घरातली दहा वर्षांची मुलगीसुद्धा खवलं, कल्ले आणि डोळे बघून सांगते की हा मासा आजचा नाही, बर्फातला आहे, आणि तुम्ही तो महाग घेतलात.

बरं, खाडीतलाच मासा निवडला, बोय किंवा शिंगाळा, तरी वेळ सांगावी लागतेच. इथे पंचांग आडवं येतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हे कोकणातलं गणित किनाऱ्यावरच्या बाईला पाढ्यांसारखं येतं. समजा एखादा म्हणाला की दुपारी दोन-सव्वादोनला खाडीत मोठा जिताडा लागला. तिथी एकादशी. एकादशीची पाऊणपट सव्वाआठ. म्हणजे भरती सव्वाआठला, आणि तिथून सहा तासांनी, सव्वादोनला, ऐन ओहोटी. त्या वेळी खाडीत निवटे उड्या मारत असतात आणि चिखलात होड्या कलंडलेल्या असतात. ‘सुक्या चिखलात जिताडा कसा रे लागला, दादा? चालत आला काय?’ असं म्हावरं विकणारी बाई विचारते, तेव्हा पुढे बोलायला काही उरत नाही. शिवाय एकादशीला मासे धरायला गेलास कसा, ही चौकशी घरात वेगळी होते. ज्या समाजात खोट्याची तपासणी चंद्र करतो, तिथे माणसाने किती धाडस करावं?

नदीच्या वरच्या अंगाला, विक्रमगड-जव्हारकडे जाऊन थाप मारू म्हटलं तर तिथली परिस्थिती आणखी कठीण. पहिल्या जोरदार पावसात ओहोळ भरतात आणि मासे अंडी घालायला उलट्या प्रवाहाने चढून भातखाचरांत येतात. या चढणीच्या माशांना धरण्याचा तो उत्सव म्हणजे वलगण. वारली-कोकणा पाड्यांवरची पोरंटोरं, म्हातारीकोतारी बत्त्या घेऊन रात्री बाहेर पडतात आणि टोपल्यांनी, फडक्यांनी, नुसत्या हातांनी मासे गोळा करतात. जिथे मासा स्वतः बांध चढून घरापर्यंत येतो, तिथे शहरातून मोटारसायकलवर येऊन, सहा तास बसून, दोन बोटांएवढी शिंगटी मिळवणाऱ्या माणसाला बढाई मारायला जागाच कुठे आहे? तिथली माणसं त्याच्या रॉडकडे ज्या सहानुभूतीने बघतात तीच त्याला गप्प करायला पुरेशी असते. (वलगणीत अंड्यावरचे मासे मारले जातात आणि ते थांबायला हवं, हे अभ्यासकांचं म्हणणं मला पटतं. पण तो सल्ला देण्याचा अधिकार वर्षभर पापलेट खाणाऱ्यांना कितपत आहे, याविषयी मी साशंक आहे.)

याहून मोठी अडचण अशी की पालघरात सत्यच इतकं मोठं आहे की खोट्याने त्याच्यापुढे उभं कसं राहायचं हा प्रश्न पडतो. पावसाळी मासेमारी बंदी उठल्यावर ऑगस्ट २०२१ मध्ये मुरब्याची एक बोट समुद्रात गेली आणि दीडशेहून अधिक घोळ मासे घेऊन परतली. लिलावात त्यांचे सव्वा कोटी रुपयांहून जास्त आले, कारण घोळीच्या पोटातल्या हवेच्या पिशवीला परदेशात औषधी आणि इतर कामांसाठी मोठी मागणी आहे. ही बातमी देशभर छापून आली. आता विचार करा: शेजारच्या गावात कोटीची जाळी ओढली गेली आहे आणि आपला गळवाला चहाच्या टपरीवर सांगतो आहे की त्याला पाऊण किलोची बोय लागली. ती त्याने तीन किलोची केली काय आणि तेरा किलोची केली काय, टपरीवाला मान वर करून बघणारसुद्धा नाही. खोटं बोलण्यासाठी आजूबाजूचं सत्य किरकोळ असावं लागतं. इंग्लंडमध्ये ते तसं आहे, म्हणून तिथे ही कला बहरली.

‘पण सुटलेल्या माशाचं काय?’ हा आक्षेप येणार हे मला ठाऊक आहे, आणि तो वजनदारही आहे. सापडलेला मासा मोजता येतो, सुटलेला कोण मोजणार? ‘हाताला एवढी ओढ लागली की रॉड वाकला, आणि ऐन वेळी तुटला’ हे वाक्य सूर्येच्या काठावरही ऐकू येतं, ते मी नाकारत नाही. मात्र इथे ते वाक्य संपत नाही, तिथून चौकशी सुरू होते. तंगूस किती जाडीची होती? गाठीत तुटली की मधेच? टोक खरखरीत आहे की सुरीने कापल्यासारखं? गाठीत सुटली असेल तर गाठ तुझी, मासा निर्दोष. टोक खरखरीत असेल तर दगडात अडकली होती आणि तू दगड ओढत होतास. ज्या पट्ट्यात घरोघरी जाळी विणली आणि दुरुस्त केली गेली आहेत, तिथे तुटलेल्या दोरीचं टोक हा शवविच्छेदनाचा अहवाल असतो. बहुतेक प्रकरणांत मोठा मासा हा धामणी धरणातून पाणी सोडल्यावर वाहून आलेला ओंडका असल्याचं निष्पन्न होतं. मोबाईलचा फोटो पुरावा म्हणून पुढे करणाऱ्यांविषयी काय बोलावं! मासा कॅमेऱ्याकडे हात लांब करून धरला की शिंगटीचीही मगर होते, हे आता मगरींनाही माहीत झालं असेल. तिथेही बाकीचे तिघं फोटोत मागे उभे असतात आणि त्यांच्या चेहऱ्यांवर खरी लांबी लिहिलेली असते.

दुसरा आक्षेप सज्जनांचा आहे. मासा परत सोडणं ही पुरावा नष्ट करण्याची युक्ती नाही, ते निसर्गाचं रक्षण आहे, असं ते म्हणतील. बरोबर आहे, आणि मी माझा आधीचा टोमणा निम्मा मागे घेतो. महसीरसारखा मासा खरोखरच सोडून द्यावा. टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या दशकापासून लोणावळ्याच्या वळवण तलावाकाठी महसीरची पिल्लं वाढवून देशभर पाठवली, ती काही आपण तळून खावी म्हणून नाही. पण पालघरच्या गळवाल्याच्या बाबतीत सोडण्याचा निर्णय बहुतेकदा मासा स्वतःच घेतो, आणि त्या श्रेयावर हक्क सांगायला इथला माणूस धजत नाही. मुद्दाम सोडला म्हणावं तर मित्र विचारतात, ‘आणि आमिष पण मुद्दामच खायला दिलंस?’

आता तिसरा आक्षेप, आणि तो हसण्यावारी नेता येत नाही. या पट्ट्यात सत्याची एवढी चलती असेल, तर मग इथल्या पाण्याविषयी कागदावर जे लिहिलेलं असतं ते आणि खाडीत जे दिसतं ते यांत एवढं अंतर का? सूर्येच्या पाण्यावर शेतीचा हक्क आहे, पालघरचा आहे, तारापूरच्या औद्योगिक वसाहतीचा आहे, वसई-विरारचा आहे, आणि मीरा-भाईंदरपर्यंत पाणी नेणारी चारशे दशलक्ष लिटरच्या वरची योजनाही आहे; पावसाळा सरला की माशाच्या वाट्याला काय उरतं ते वाटणीच्या तक्त्यात शोधून सापडत नाही. खाली औद्योगिक वसाहतीचं सांडपाणी प्रक्रिया करून, वाहिनीतून नवापूरजवळ समुद्रात जातं, असं कागद सांगतो. प्रक्रिया पुरेशी होत नाही, खाड्या आणि किनारा खराब होतो, मासे मरतात, अशी तक्रार घेऊन अखिल भारतीय मांगेला समाज परिषद २०१६ साली राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली, आणि लवादाने नेमलेल्या समितीच्या पाहण्यांनंतर कारखान्यांवर भरपाईचे आदेशही निघाले. म्हणजे थापा या पट्ट्यातही आहेत, नाही कोण म्हणतो. माझं म्हणणं एवढंच की त्या गळवाल्याच्या नाहीत. जगात इतरत्र नदीकाठी दोन पक्ष असतात, नदीविषयी खरं सांगणारी कागदपत्रं आणि खोटं सांगणारा गळवाला. आपल्याकडे ही कामं त्यांनी आपसांत बदलून घेतली आहेत.

आणि याचा उपयोग करून घ्यायला हरकत नाही. फ्लाय फिशिंगवाला ‘आज भरपूर लागले’ म्हणाला तर त्याचा अर्थ काहीही असू शकतो. बोईसरचा माणूस दांडीच्या खाडीवर सकाळपासून बसून, तीन मित्रांच्या देखत, योग्य तिथीला, योग्य भरतीला, खरं गांडूळ लावून संध्याकाळी ‘काही मिळालं नाही’ म्हणाला, तर ती पाण्याची तपासणीच झाली. नमुन्याची बाटली प्रयोगशाळेपर्यंत जाताना वाटेत काय काय होईल सांगता येत नाही. या माणसाचं तोंड मात्र मित्रांनी, बाजाराने, चंद्राने आणि बायकोने आधीच सीलबंद केलेलं असतं. तेव्हा पाण्याचा पंचनामा करताना पंच म्हणून नदीकाठचे गळवाले घ्यावेत, अशी सूचना मी करतो. कायदा करणाऱ्यांना एवढीच पूर्वकल्पना द्यायला हवी की सुनावणीची तारीख भांगाच्या पाण्याची द्यावी लागेल, कारण उधाणाच्या दिवशी हे लोक कुणाच्याच बोलावण्यावर येत नाहीत. शिवाय एकाला समन्स काढलं तरी येणार चौघं, डबा आणि पिशवीसकट. साक्ष एकाची चालू असताना उरलेले दोघं मधे बोलून वजन दुरुस्त करतील, आणि रात्रपाळीवाला बाकावर झोपलेला असेल.